दिल्ली की डोंगर

संक्रांत होऊन गेली की आमच्या सोसायटीतल्या एकुलत्या एका आंब्याला मोहोर येतो आणि मला गोंधळल्यासारखं होतं. मोहोराचा आणि गोंधळाचा तसा काही संबंध नाही. पण डोंबिवलीतले हे दिवसच मोठे फसवे. सकाळी स्वेटर घालावा तर थोड्या वेळात घाम, न घालावा तर रिक्षात बसल्यावर कुडकुडायला होतं. ना धड थंडी, ना धड उन्हाळा. पेपर उघडला की सहलींच्या जाहिराती अंगावर येतात. एका बाजूला बर्फ, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये दात दाखवणारं चौकोनी कुटुंब. फडके रोडवरून येताना रसवंतीची घुंगरं पुन्हा वाजायला लागलेली असतात. ती ऐकली की वाटतं, या दिवसांत आपल्याला काहीतरी ठरवायचं होतं. काय ते पटकन आठवत नाही, आणि आठवलं की आठवलं नसतं तर बरं होतं असं वाटतं.

आज सकाळी बाल्कनीतले वाळलेले कपडे काढताना तो मोहोराचा वास आला आणि त्याच वेळी फोन वाजला. आमच्या घरच्या ग्रुपवर आईचा आवाज. आई टाईप करत नाही, बोलून पाठवते, आणि बोलताना फोन तोंडाच्या इतका जवळ धरते की आधी तिचा श्वासच ऐकू येतो. "रविवारी या सगळे. मटार छान आलाय." बास, एवढंच. ग्रुपचं नाव अजून तेच आहे, 'दिल्ली की डोंगर'. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीने, रियाने, ठेवलेलं. ते बदलावं असं कुणाला सुचलं नाही, किंवा सुचलं असेल आणि धीर झाला नसेल. मी कपड्यांचा ढीग छातीशी धरून तशीच उभी राहिले. एक मोजा खाली कुणाच्या तरी गाडीवर पडला, तेही मला नंतर कळलं.

आई कळव्याला राहते, एकटी. तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. बाबा गेल्यापासून मंदार, माझा धाकटा भाऊ, तिला आपल्याकडे कोलशेतला बोलावतोय. त्याचा टॉवर खाडीच्या अंगाला, जिथे पूर्वी कुठलासा कारखाना होता तिथे उभा आहे. लिफ्ट आहे, बाग आहे, खाली ज्येष्ठांसाठी वेगळा कट्टा आहे. आई दोन दिवस राहते आणि तिसऱ्या दिवशी म्हणते, "घराची खिडकी उघडायला हवी, कोंदट होतं." कळव्याच्या तिच्या खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो. पायथ्याशी पत्र्यांची घरं वर वर चढत गेलेली आणि त्यांच्या वर उरलासुरला हिरवा-करडा माथा. संध्याकाळी खाडीकडून खारट वारा येतो आणि आई त्या डोंगराकडे बघत चहा पिते. मी एकदा विचारलं होतं, एवढं काय बघतेस? "बघत कुठे, तोच समोर येऊन बसलाय," म्हणाली.

बाबांचा प्रवासाचा एकच नियम होता. कुठलंही ठिकाण सुचवा, लग्न असो की देवदर्शन, ते आधी विचारायचे, "गाडी कल्याणला थांबते का?" थांबत असेल तरच पुढचं बोलणं. आमच्या बाजूच्या लोकांना यात काही विशेष वाटणार नाही. आम्ही सगळे बाहेरगावी जातो ते कल्याणहून. बॅगा घेऊन आधी उलटं मुंबईला जायचं, तिथे गाडीत बसायचं आणि त्याच गाडीने पुन्हा आपल्याच घरावरून पुढे जायचं, हा बाबांना शुद्ध वेडेपणा वाटे. त्यामुळे आमच्या घरचा भारताचा नकाशाच निराळा होता. नाशिक, भुसावळ, जबलपूर, काशी हे सगळं जवळचं. जयपूर-उदयपूर मात्र फार लांब, कारण तिकडच्या गाड्या बोरिवलीवरून जातात आणि बोरिवली म्हणजे आम्हाला परदेश.

तसे आम्ही हिंडलो कुठे होतो म्हणा. सुट्टी म्हणजे गाव. आईचं माहेर जुन्नरच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत, आणि बाबांचं गाव त्याच्या अलीकडे सपाटीवर. एका मे महिन्यात हे, दुसऱ्या मे महिन्यात ते. त्याखेरीज बाहेर पडायचं ते बारशाला, लग्नाला, तेराव्याला, नाहीतर कुलदैवताला. उगाच, काही कारण नसताना, नुसतं बघायला म्हणून कुठे जायचं असतं हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही. अजूनही कुठे फिरायला जायचं म्हटलं की माझं मन आधी कारण शोधतं. तिकडे कुणी नातेवाईक आहे का? काही नवस राहिलाय का? नसला, तर आपण कुणाकडे चाललोय आणि कशासाठी, हेच कळेनासं होतं.

ग्रुपला ते नाव पडलं त्या वर्षी मात्र कारण होतं. दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी आईचे एक्स-रे फोटो बघून सांगितलं होतं, दोन्ही गुडघे बदलावे लागतील, पावसाळ्याच्या आत उरकून टाका. आईने ते शांतपणे ऐकून घेतलं. भाऊबीजेला आम्ही सगळे कळव्याला जमलो. मी मंदारला ओवाळत होते, आई खुर्चीत बसून बघत होती आणि मध्येच म्हणाली, "ऑपरेशनच्या आधी एकदा सगळे मिळून कुठेतरी जाऊन येऊ या. माझ्या पायांनी. नंतरचे पाय काय, डॉक्टरांचे."

आम्ही हसलो. मग हसू ओसरलं. आईने आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे मागितल्यावर काय करायचं असतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. निरांजन माझ्या हातात तसंच राहिलं. मंदार म्हणाला, "जाऊ या ना आई, बोल, कुठे जायचं?" आणि आई म्हणाली, "मला काय, तुम्ही न्याल तिथे."

हे वाक्य मराठी घरात वाढलेल्या कुणाला नवीन नाही. मला काय, तुम्ही आणाल ती साडी. मला काय, उरलेलं चालेल. आम्ही ते लहानपणापासून ऐकतोय आणि शब्दशः खरं मानत आलोय.

तर नव्या वर्षात बेत सुरू झाला. दर रविवारी कळव्याला. बाबा गेल्यानंतर आम्ही सणावारालाच एकत्र यायचो, पण त्या हिवाळ्यात एकही रविवार चुकला नाही. जमिनीवर जुने पेपर पसरायचे, त्यावर मटारच्या शेंगांचा ढीग ओतायचा आणि सोलता सोलता हिंदुस्थान पालथा घालायचा. मंदारची बायको प्राजक्ता दाणे सोलते त्यापेक्षा जास्त खाते. माझ्या नवऱ्याने पहिल्याच रविवारी हात वर केले. "मला फक्त बॅग कधी उचलायची तेवढं सांगा," म्हणाला आणि शेंगा जवळ ओढून घेतल्या. उरलो मी आणि मंदार.

मंदारला दिल्ली हवी होती. त्याचं म्हणणं, आईला गर्दी आवडते, देऊळ आवडतं, बाजार आवडतो, शहरात डॉक्टर हाकेच्या अंतरावर. लाल किल्ला, कुतुबमिनार, चांदणी चौकातले पराठे, मेट्रो. "आईने आयुष्यभर दर पंधरा ऑगस्टला लाल किल्ला टीव्हीवर बघितलाय. एकदा समोर उभी राहू दे ना तिला!" मला डोंगर हवा होता. कुमाऊँकडची लहान लहान गावं, पायऱ्या पायऱ्यांची शेतं, पाटीच्या दगडाचं छप्पर असलेलं घर, अंगणात ऊन खात बसलेली आई, मागे पांढरी शिखरं. मी फोनवर त्या लाल फुलांची झाडं बघून ठेवली होती, बुरांश म्हणतात त्यांना, वसंतात अख्खा डोंगर लाल होतो म्हणे. आई डोंगरातली मुलगी. लग्न होऊन आली ती कळव्याच्या तिसऱ्या मजल्यावर. तिला डोंगरच हवा, यात मला शंका नव्हती.

"मग दोन्ही करा ना," रिया म्हणाली. ती तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. "चार दिवस दिल्ली, मग रात्रीची गाडी, की सकाळी डोंगर. सिंपल आहे यार."

सिंपल होतं. म्हणूनच आमच्या हातून झालं नसावं. दोन्ही करायचं तर आधी दिल्ली की आधी डोंगर? आधी दिल्ली केली तर डोंगराला पोचेपर्यंत आई थकणार. आधी डोंगर केला तर तिकडच्या थंडीतून उतरून एकदम उन्हात, म्हणजे आजारपणाला आमंत्रण. स्वेटर किती घ्यायचे? दिल्लीत ते ओझं आणि वर कमी पडणार. होमस्टेवाला फोनवर म्हणाला, गाडी दारापर्यंत येते, थोडंसंच चालावं लागतं. थोडंसं म्हणजे किती, तर हसला. डोंगरातल्या माणसाचं थोडंसं म्हणजे काय असतं ते आईच्या माहेरी आम्ही भोगलेलं होतं. मंदार लॅपटॉपवर नकाशा उघडायचा, मी फोनवर दुसरा उघडायची आणि दोन्ही नकाशांत तेच गाव दोन निराळ्या ठिकाणी असायचं. पुढच्या रविवारी मागच्या रविवारचं ठरलेलं कुणालाच नीट आठवत नसे. "अरे, आपलं बसचं ठरलेलं ना?" "कधी? गाडी करू म्हणालेलो मी." "मी कुठे हो म्हटलं होतं?" असं सगळं.

गाडी कल्याणला थांबते, एवढं मात्र पहिल्याच रविवारी बघून झालं होतं. त्या बाबतीत बाबांनी आम्हाला नीट वळण लावलं होतं.

आई सोलत असायची. तिचा वेग कमी आणि शेंग हाताळायची रीत वेगळी. एक एक दाणा अंगठ्याने ढकलायची. मध्येच विचारायची, "मेट्रोला जिने असतात का रे?" मंदार खूश व्हायचा. मग जरा वेळाने, "तिकडच्या बायका पण डोक्यावरून गवत आणतात का गं?" मी खूश. मला ते सगळं आता लख्ख आठवतं. तेव्हा मी ते ऐकत होते की नुसती मोजत होते, माझ्या बाजूचं एक, त्याच्या बाजूचं एक, ते सांगता येत नाही.

मटार संपला. पेपरावर ओल्या हरभऱ्याचे घाटे आले. त्यांनी बोटं खारट, चिकट होतात, तशी सगळ्यांची बोलणीही जरा चिकट झाली. एका संध्याकाळी मंदारचा फोन आला. "ताई, आईशी बोललो. तिला दिल्लीच हवीय. म्हणाली, दिल्ली बघायची राहूनच गेली रे." मी म्हटलं, "शक्यच नाही. काल मला म्हणाली, डोंगराची हवा वेगळीच, एकदा छातीत भरून घ्यायची आहे."  मग आम्ही एकदमच म्हणालो, "तुला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल." दोघांचंही तेच वाक्य, आणि दोघांचीही पक्की खात्री की आपल्याला सांगितलं ते खरं आणि दुसऱ्याला सांगितलं ते मन राखायला.

रियाने त्या रात्री ग्रुपचं नाव बदललं. "आत्या, तू आणि बाबा फुल टू कन्फ्यूज आहात. आजीला विचारा ना सरळ." सरळच विचारलं होतं की. आई म्हणाली होती, तुम्ही न्याल तिथे.

मार्चमध्ये कैऱ्या आल्या. घरभर फोडणीचा आणि मेथीचा वास. आई लोणचं घालायला ओट्याशी उभी राहिली आणि मटकन खालीच बसली. गुडघे एकदम सुजले होते. डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढले, जुने-नवे शेजारी शेजारी लावले आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, एवढ्यात इतकी झीज कशी वाढली? खूप चढ-उतार केलात का? आई खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, "छे हो, ती घरातून हलत नाही. भाजीसुद्धा दोरीला पिशवी बांधून वर घेते." डॉक्टर म्हणाले, मग वयाचं असेल. ऑपरेशन लवकर ठरलं. दिल्लीपर्यंतची तरी असू देत म्हणून मंदारने काढून ठेवलेली तिकिटं त्याने रद्द केली. सगळे म्हणालो, बरं झालं गेलो नाही, वर डोंगरात असं झालं असतं तर! आई म्हणाली, "हो ना."

ऑपरेशन नीट झालं. आई अजून गुंगीत होती. हॉस्पिटलच्या खालच्या कँटीनमध्ये मी आणि मंदार चहा घेत बसलो होतो. खूप दिवसांनी ठरवण्यासारखं काही समोर नव्हतं. तो कपाकडे बघत म्हणाला, "ताई, मला काय वाटतं सांगू? आईला जायचंच नव्हतं. बघ ना, तुला डोंगर, मला दिल्ली. ठरत आलं की मध्येच काहीतरी विचारायची. तिला आपण दर रविवारी यायला हवं होतं. बाकी काही नाही." आणि मला ते इतकं पटलं की डोळ्यांत पाणीच आलं. खरंच की. मटार, हरभरा, सगळे एकत्र जमिनीवर. तीच तिची सहल.  आम्ही एकमेकांना वडापाव आग्रहाने खायला घातला. बऱ्याच दिवसांनी मला हलकं वाटलं, आणि ते हलकं वाटणं किती सोयीचं होतं हे माझ्या लक्षातही आलं नाही.

तिथून मी तिचे गाऊन आणायला कळव्याला गेले. कपाटाच्या खालच्या कप्प्यात, जुन्या चादरींच्या मागे, एक खोका होता. मला वाटलं बाबांचं काहीतरी असेल. उघडला तर बूट. कापडी, करडे, नाडीऐवजी चिकटपट्टीचे. आईच्या मापाचे. आईने जन्मात कधी बूट घातलेले नाहीत. गावाला, लग्नाला, बाबांच्या वेळी स्मशानाच्या फाटकापर्यंत, सगळीकडे तिच्या पायात चपलाच. मला आधी वाटलं कुणी भेट दिले असतील आणि तसेच पडले असतील. मग मी ते उलटे केले. तळ झिजले होते.

मी खोका हातात घेऊन दारात उभी होते तेवढ्यात समोरच्या सावंत वहिनी आल्या, कशा आहेत काकू म्हणून विचारायला. त्यांचं लक्ष बुटांकडे गेलं आणि त्या हसल्या. "नेताय होय? आता डॉक्टर चालायला सांगतील, तेव्हा लागतीलच. काकूंना केवढं वेड होतं त्यांचं! अख्खा हिवाळा रोज संध्याकाळी घालायच्या आणि जिना. खाली उतरायच्या, परत वर, थेट गच्चीपर्यंत. कठडा धरून, दम खात खात. मी म्हटलं, काकू, कशाला एवढं? तर म्हणाल्या, दिल्लीत मेट्रोचे जिने आहेत आणि तिकडे डोंगरात पायऱ्या आहेत, मुलांना माझ्यामुळे थांबायला नको. सवय करतेय."

वहिनी आणखीही काही बोलत होत्या. पाणी किती वाजता येतं, वगैरे. मी हो हो करत होते. मग त्या गेल्या आणि मी त्या जिन्याकडे बघत राहिले. कळव्याच्या जुन्या बिल्डिंगचा जिना, कोपऱ्यात पानाचे लाल डाग, कठड्याचा रंग हाताळून गेलेला. त्यावरून ती रोज दिल्लीला जात होती आणि डोंगरावर जात होती, आणि आम्ही पंख्याखाली बसून तिला काय झेपेल त्याची चर्चा करत होतो. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती खिडकीबाहेर का बघत होती ते मला आता कळलं. जायचं म्हणून चढली, चढली म्हणून सुजली, सुजली म्हणून राहिलं. मी पायरीवर बसून रडले. मग डोळे पुसून गाऊन पिशवीत भरले, कारण ते न्यायचेच होते.

आईला दोन्ही हवं असेल, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मला सांगितलेलं खरं होतं आणि मंदारला सांगितलेलंही खरं होतं. माणसाला मेट्रो आणि गवताचा भारा दोन्ही बघावंसं वाटू शकतं, हे आम्ही स्वतःबद्दल केव्हाही मान्य केलं असतं. मला तर हॉटेलात गेलं की डोसाही हवा असतो आणि मिसळही. पण आईला काही हवं असणं हीच आमच्यासाठी इतकी नवी गोष्ट होती, की तिला दोन गोष्टी हव्या असणं म्हणजे फारच झालं.

खोका मी जागच्या जागी ठेवला आणि कुणाला बोलले नाही. मंदारला तर नाहीच. तो अधूनमधून कुणाकुणाला सांगायचा, "आमच्या आईने काय गंमत केलेली माहितीये? सहलीच्या नावाखाली..." ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. मी उठून पाणी आणायला जायची. सांगावं की सांगू नये, मला कळत नव्हतं. सांगितलं तर त्याचं समाधान जाणार. न सांगितलं तर आईचं काय? तिलाच विचारावं, तर ती बूट लपवून ठेवते, म्हणजे तिला ते बोलायचं नसेल. की आपण बघावेत असं वाटत असेल? मग चादरीच्या मागे कशाला? माझं डोकं असंच चालतं, आणि चालून कुठेच पोचत नाही.

गेल्या हिवाळ्यात आई कोलशेतला होती. टॉवरच्या कट्ट्यावर वॉकर घेऊन, मग काठी घेऊन, मग नुसतीच. सहलीचा विषय कुणी काढला नाही. ग्रुपवर फक्त सणाच्या शुभेच्छा. मोहोर आला आणि गेला. या दिवाळीनंतर ती एक दिवस म्हणाली, "घराची खिडकी उघडायला हवी," आणि सगळ्यांचा विरोध मोडून कळव्याला परतली. पहिल्यांदा जिना चढली तेव्हा मी मागे होते. ती कुठेही थांबली नाही. तिसऱ्या मजल्याच्या दारासमोर आल्यावर जरा वर गच्चीकडे बघितलं आणि मग किल्ली काढली.

आणि आता हा रविवार. पेपर पसरलेले, मटारचा ढीग, खिडकीत पारसिक. प्राजक्ता दाणे खातेय. रिया आता नोकरीला लागलीय, ती कानात काहीतरी घालून बसलीय आणि तरी सगळं ऐकतेय. मंदारने विषय काढलाच. "या वर्षी जाऊ या कुठेतरी. केरळ कसं वाटतं? बोटीत बसून राहायचं, आईला चालायला नको." प्राजक्ता म्हणाली, "त्यापेक्षा महाबळेश्वर. जवळ आहे." माझा नवरा म्हणाला, "बॅग कधी उचलायची ते सांगा." मंदार म्हणाला, "आईला काय झेपेल ते बघून ठरवू." सगळं पुन्हा तसंच्या तसं.  आता बोलावं. काय बोलावं? मी विचारलं, "आई, तुला काय हवंय?" आवाज जरा वरच लागला.

आईने माझ्याकडे बघितलं. "मला काय," म्हणाली, आणि पुढचं वाक्य आलंच नाही. हातातली शेंग तिने पेपरावर ठेवली. जमिनीवरून उठली, हात न टेकता, आणि आत गेली. मंदारने मला खुणेने विचारलं, काय झालं? मी खांदे उडवले. आतून कपाटाचं दार वाजलं. मग चिकटपट्टी ओढल्याचा तो करकर आवाज, एकदा, आणि जरा थांबून पुन्हा.

आई बाहेर आली ती बूट घालून. सुती नऊवारीच्या खाली ते करडे बूट. घरात कुणी चपलासुद्धा घालून आलं तर ओरडणारी आई, मटारच्या सालींपर्यंत बूट घालून आली आणि खुर्चीवर बसली. रियाने कानातलं काढलं.

"हे कधी घेतलेस?" मंदारने विचारलं.

"त्या वर्षी."

"त्या वर्षी म्हणजे?"

"त्याच वर्षी रे," आई म्हणाली. "दिल्ली पण बघायची होती मला आणि डोंगर पण. दोन्ही सांगितलं तर मुलं म्हणतील, म्हातारीचं काय हे. म्हणून एक तुला सांगितलं, एक हिला. म्हटलं, दोघं भेटाल तेव्हा जोडून घ्याल."

 मंदारचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी त्या बुटांकडे बघत राहिले. वाकडे झिजलेले तळ, डावा जास्त. त्याच पायाचा गुडघा आधी सुजला होता.

"आता पाय डॉक्टरांचे आहेत," आई म्हणाली, "पण बूट माझेच आहेत. मी हे घालून बसते. तुमचं जुळलं की सांगा." तिने वाकून पेपरावरून आपली अर्धवट सोललेली शेंग उचलली. मग काहीतरी राहून गेल्यासारखं तिने मान वर केली. "आणि गाडी कल्याणला थांबते का, ते बघा आधी."

मंदारने फोन काढला. त्याला नीट दिसत नव्हतं, त्याने चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. खरं तर ते त्याला पाठ होतं.

"थांबते," तो म्हणाला.